अळीच्या अंड्यांतून निघालेले हे बारीक कीटक कोणते? (ओळख हवी आहे)

रानपाखरू

मंडळी, मदत हवी आहे.

टोमॅटोच्या पानांवर भिंग घेऊन घाटेअळीची अंडी शोधत होते. एरवी ही अंडी दुधट पिवळसर, घुमटाकार आणि वरून खाली रेघा असलेली दिसतात. यावेळी त्यातली काही कुळकुळीत काळी होती. पानांचे तेवढे तुकडे कापून छोट्या काचेच्या बाटलीत घातले आणि कापसाचं बूच लावून ठेवलं. आज पाहते तर काचेवर धुळीचे कण चालताहेत! भिंगातून पिवळट अंग, लाल डोळे आणि पंख दिसले. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी.

दुसऱ्या बाटलीत मक्याच्या पानावरचा लष्करी अळीचा अंडीपुंज होता, वर करडी लव असलेला. त्यातून निघालेले कीटक मात्र काळे, चकचकीत आणि जरासे थोराड आहेत.

फोटो १ ते ३ पहिल्या बाटलीचे, ४ आणि ५ दुसरीचे. दोन्ही ट्रायकोग्रामाच (किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी) का? की एक नर आणि एक मादी? फोटोवरून नेमकी जात सांगता येईल का?

---

साळुंकी

फोटो ३ कसला आलाय! मोबाइलला भिंग लावून काढलास का? वाचनखूण साठवते.

---

भिंगवेडा

रानपाखरूताई, अंडं कुणाचं आणि कोणत्या पिकावरचं हे तुम्ही आधीच लिहिलंत, त्यामुळे निम्मं काम झालंय. नुसता माशीचा फोटो टाकून "हे काय आहे" विचारणाऱ्यांना सांगायला फारसं काही नसतं.

नर-मादीचा प्रश्न नाही. ही दोन वेगवेगळी कुळं आहेत.

पहिल्या बाटलीत ट्रायकोग्रामाच असावा. पिवळट अंग, लाल डोळे, कंबर जवळजवळ नाहीच आणि त्यात काळं पडलेलं अंडं, एवढं पुरेसं बोलकं आहे. पण रंगावर शिक्का मारू नका. थंडीत वाढलेला ट्रायकोग्रामा गडद होतो, उन्हाळ्यात तोच फिका निघतो. खात्रीची खूण पायात आहे. पायाच्या टोकाला जे बारीक सांधे असतात ते मोजा. तीन भरले तर ट्रायकोग्रामाचं कूळ नक्की. त्याच्या जवळच्या बाकीच्या बारीक गांधीलमाश्यांना तिथे चार किंवा पाच असतात. यासाठी हातभिंग पुरणार नाही, सूक्ष्मदर्शक लागेल.

दुसरी खूण पंखात. ट्रायकोग्रामाचा पुढचा पंख रुंद, टोकाला गोलसर असतो आणि त्यावरचे केस ओळींनी लागलेले असतात. पंखाच्या पुढच्या कडेची शीर इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते. तुमच्या फोटो ३ मध्ये मोठं करून पाहिलं तर केसांच्या ओळी अंधुक दिसताहेत. मिशाही बघा. मादीच्या मिशीचं टोक गदेसारखं फुगीर असतं, नराच्या मिशीवर लांब लांब केस असतात. नर-मादी ओळखायला हे सगळ्यात सोपं.

दुसऱ्या बाटलीतला काळा चकचकीत कीटक टेलेनोमस वाटतो. यांचं कूळच निराळं, सेलिओनिडी. अंग कडक, पोटाच्या दोन्ही बाजूंना धारदार कड, आणि मिशा चेहऱ्यावर अगदी खाली, तोंडाच्या लगत फुटलेल्या. पायाच्या टोकाला पाच सांधे. लष्करी अळीच्या अंडीपुंजातून असा कीटक निघाला की टेलेनोमस रेमसचं नाव पहिलं डोक्यात येतं, पण डोक्यात येणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. फोटोवरून मी प्रजातीपर्यंतच, म्हणजे टेलेनोमस या पहिल्या नावापर्यंतच, थांबेन.

---

उगाचच

एवढा खटाटोप कशाला? अंडं काळं दिसलं की मित्रकीटक आहे, फवारणी थांबवा, संपलं. नाव कळून अळी जास्त मरणार आहे का?

---

नांगरधारी

उगाचच यांच्याशी अर्धा सहमत. शेतात उभं राहून पायाचे सांधे कोण मोजणार? मी तर पन्नास-साठ अंडी बघतो, त्यातली किती काळी ते मोजतो आणि ठरवतो.

माझा प्रश्न वेगळाच आहे. काळं अंडं म्हणजे परजीवी, हे नेहमीच खरं का? उबायच्या आधीही अंडं काळपट दिसतं ना?

---

भिंगवेडा

नांगरधारीदादा, महत्त्वाचा मुद्दा काढलात, इथेच पुष्कळांची मोजदाद फसते.

उबायला आलेल्या अंड्यात अळीचं डोकं कवचातून दिसतं. म्हणजे वरच्या बाजूला एक गडद ठिपका आणि बाकी अंडं तपकिरी, धुरकट. ट्रायकोग्रामा असलेलं अंडं सगळीकडून सारखंच काळं दिसतं. आतली माशीची अळी तिसऱ्या अवस्थेत आली की कवचाच्या आतल्या बाजूला काळे कण साचतात, त्यामुळे हा रंग येतो. म्हणून अंडं घातल्या घातल्या ते काळं दिसत नाही, तीन-चार दिवस जावे लागतात. पांढरं अंडं बघून "इथे मित्रकीटक नाहीत" असं म्हणणं घाईचं ठरतं. आजचं पांढरं परवा काळं होऊ शकतं.

रिकाम्या कवचावरूनही कळतं. अळी बाहेर पडली असेल तर कवच पारदर्शक, फाटकं राहतं, बऱ्याचदा अळीने ते खाऊनही टाकलेलं असतं. माशी बाहेर पडली असेल तर कवच काळंच राहतं आणि त्याला एक गोल भोक असतं. घाटेअळीच्या एका अंड्यातून एक-दोन, कधी तीन ट्रायकोग्रामा निघतात आणि सगळे बहुतेक त्याच भोकातून बाहेर येतात. चपटं, चुरगळलेलं, आत काहीच नसलेलं अंडं दिसलं तर ते कुणीतरी शोषून घेतलेलं असू शकतं, किंवा मुळातच वांझ असेल. ते परजीवीच्या खात्यात धरू नका.

---

पर्णकण

उगाचच यांनी खोचक विचारलंय, पण प्रश्न रास्त आहे. मी या विषयात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फवारणी करायची की नाही एवढंच ठरवायचं असेल तर नाव लागत नाही, नांगरधारी यांची पद्धत चालते. नाव लागतं ते कीटक मुद्दाम सोडताना. ट्रायकोग्रामाच्या दोनशेहून जास्त जाती माहीत आहेत आणि त्या सगळ्या एकाच पिकावर, एकाच किडीवर चालत नाहीत. भाताच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम वापरतात. घाटेअळी, बोंडअळी, उसावरचे पोखरणारे किडे यांच्यासाठी चिलोनिस. टोमॅटोवरच्या टुटा नागअळीसाठी अकाए ही जात सोडतात. तुम्ही एक सोडली आणि नंतर शेतातून गोळा केलेल्या अंड्यांतून दुसरीच निघाली, तर यश सोडलेल्या कार्डाचं (परजीवी असलेली अंडी चिकटवलेला कागद) की शेतात आधीपासून असलेल्यांचं? नाव नसेल तर या प्रश्नाला उत्तरच नाही.

आणि नावांचा गोंधळ याआधी भरपूर झालाय. पूर्वी जाती रंगावरून आणि केसांच्या लांबीवरून ठरवायचे. वर भिंगवेडा म्हणाले तसा रंग तापमानाने बदलतो. शिवाय लहान अंड्यात वाढलेली माशी खुरटी निघते, मोठ्या अंड्यातली धष्टपुष्ट. त्यामुळे जगभर भलभलत्या कीटकांना इव्हानेसेन्स नाही तर मिन्युटम म्हटलं जात होतं. आज ज्याला चिलोनिस म्हणतो तो जुन्या लिखाणात कधी ऑस्ट्रॅलिकम म्हणून येतो, कधी कन्फ्युझम म्हणून.

हा गुंता सोडवण्यात मोठा वाटा भारतात काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांचा. ट्रायकोग्रामाची जात ठरवायला नराचं जननांग ही भरवशाची खूण आहे, हे त्यांनी १९६८ आणि १९७१ च्या निबंधांतून दाखवून दिलं. आजही जात ठरवताना आधी नर शोधतात, त्याला काचपट्टीवर चढवतात आणि चारशेपट मोठं करून ते अवयव पाहतात. म्हणून रानपाखरू, फोटोवरून जात सांगता येईल का याचं उत्तर नाही असंच आहे. कुणी छातीठोकपणे सांगितली तर विश्वास ठेवू नका.

---

साळुंकी

बाप रे. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीचं जननांग!

---

चकवा

माझाही एक नमुना. सोयाबीनच्या पानामागे हिरव्या ढेकण्याची अंडी, छोट्या पिंपांसारखी, एकाला एक चिकटून ओळीत. एरवी फिकी असतात, ही करडी-काळी झाली आहेत. त्यावर एक काळी माशी ठाण मांडून आहे. काडीने हलवलं तरी फिरून तिथेच येते. टेलेनोमसच का?

---

भिंगवेडा

ढेकण्याच्या अंड्यांवर टेलेनोमसही येतो, पण मी ट्रिसोल्कस म्हणेन. दोघं एकाच कुळातले. टेलेनोमसचं पोट लांबट असतं, ट्रिसोल्कसचं रुंद आणि आखूड, एकूण माशीच गुटगुटीत दिसते. वरून काढलेला फोटो असेल तर टाका.

ठाण मांडून बसण्याचं म्हणाल तर ती राखण करते आहे. एकेका अंड्यात आपलं एकच अंडं घालायचं, मग अंडं घालायच्या नळीचं टोक त्या अंड्यावर घासून खूण करायची, म्हणजे पुन्हा त्याच अंड्यात घातलं जात नाही. दुसरी मादी आली तर हुसकावून लावते. उबताना नर आधी निघतात आणि बहिणी बाहेर येईपर्यंत अंड्यांवर हाणामाऱ्या करत बसतात.

---

पर्णकण

ट्रिसोल्कसचा विषय निघालाच आहे तर ओळखीचं महत्त्व सांगणारा एक किस्सा. पूर्व आशियातला एक तपकिरी ढेकण्या, हॅलिओमॉर्फा हॅलिस, अमेरिकेत पोचला आणि फळबागांत धुमाकूळ घालू लागला. त्याच्या मूळ प्रदेशातली माशी ट्रिसोल्कस जॅपोनिकस तिथे विलगीकरणात ठेवून तपासत होते, बाहेर सोडायची परवानगी नव्हती. २०१४ साली उघड्यावर ठेवलेल्या ढेकण्याच्या अंड्यांतून नेमकी तीच माशी निघाली! प्रयोगशाळेतून निसटली असं कुणालाही वाटलं असतं. जनुकीय तपासणीत दिसलं की हा वंश प्रयोगशाळेतल्या माश्यांचा नाही, ती आपली आपणच येऊन पोचली होती. तिथल्या ट्रिसोल्कसच्या बाकी जातींतून हिला वेगळं काढणारं कुणी नसतं तर हे कळलंच नसतं.

---

उगाचच

बरं बाबा, पटलं. निदान कीटक सोडणाऱ्यांपुरतं तरी पटलं.

आता माझा खरा प्रश्न. भातात चिकट पिवळे सापळे लावले आहेत, त्यावर शेकडो बारीक काळे ठिपके. त्यातले मित्र कोणते?

---

भिंगवेडा

चिकट सापळ्यावरून ओळखण्याचं जवळजवळ सोडून द्या. पंख चिकटतात, पाय तुटतात, अंग आक्रसतं. पिवळ्या पसरट ताटलीत पाणी आणि दोन थेंब साबण घालून बांधावर ठेवा, संध्याकाळी बारीक जाळीतून गाळा. नमुने शाबूत मिळतील.

आधी पंख बघा. दोनच असतील तर ती खरी माशी, चिलट वगैरे. चार असतील आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतील तर गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली. झालरीच्या सरळ काठीसारख्या पंखांचे, लांबुडके असतील ते फुलकिडे, ते या हिशेबात नाहीत.

भातात तुडतुड्यांच्या अंड्यांवरचे मिमॅरिडी कुळातले कीटक हमखास सापडतील, ॲनाग्रस विशेषतः. हे ओळखायला सगळ्यात देखणे. मागचा पंख अगदी अरुंद, देठावर उभा केल्यासारखा, आणि पंखांना भोवती लांब केसांची झालर. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात खुपसलेली असतात, ती वरून दिसत नाहीत. आवरण सोलून उजेडावर धरा. ॲनाग्रस असलेलं अंडं नारिंगी-लालसर दिसतं. म्हणजे "परजीवी अंडं काळं" हा नियम तिथे चालत नाही.

खोडकिड्याच्या लवदार अंडीपुंजातून ट्रायकोग्रामा, टेलेनोमस आणि टेट्रास्टिकस असे तिघंही निघू शकतात. टेट्रास्टिकस त्यातला मोठा, हिरवट-निळी धातूसारखी झाक असलेला, पायाच्या टोकाला चार सांधे. त्याची अळी एका अंड्यावर भागवत नाही, शेजारची अंडीही खाते.

---

नांगरधारी

लवेचा विषय निघालाय म्हणून विचारतो. लष्करी अळीच्या पुंजावर ट्रायकोग्रामा सोडून फारसा उपयोग होत नाही असं ऐकलंय.

---

पर्णकण

अंडी थरावर थर असतील आणि वर दाट लव असेल तर ट्रायकोग्रामाला वरची, कडेची अंडी तेवढी मिळतात. टेलेनोमस रेमस लवेतून वाट काढून आतल्या थरापर्यंत पोचतो. पातळ थराच्या, कमी लवेच्या पुंजावर ट्रायकोग्रामाही चांगलं काम करतो, त्यामुळे अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही.

शेतात कोण आहे ते पाहायला काही जण तांदळाच्या पतंगाच्या, म्हणजे कॉर्सिराच्या अंड्यांची कार्डं पानांना लावून ठेवतात. त्यात ट्रायकोग्रामा भरपूर सापडतात, पण टेलेनोमस रेमससारखे निवडक कीटक त्या अंड्यांकडे वळतीलच असं नाही. कार्ड रिकामं आलं म्हणजे शेत रिकामं आहे, असा अर्थ काढू नका. खऱ्या किडीची खरी अंडी गोळा करणं कधीही चांगलं.

---

रानपाखरू

अरे केवढी माहिती! सगळ्यांचे आभार.

ओळखीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक मिळाला. पहिल्या बाटलीतल्या कीटकाच्या पायाला तीन सांधे, स्वच्छ दिसले. पंखांवर केसांच्या ओळीही आहेत. काळ्या कीटकाला पाच सांधे, मिशा तोंडालगत. म्हणजे ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस, इथपर्यंत झालं ना?

आता अडचण अशी की पहिल्या बाटलीत केसाळ मिशीचा एकही दिसत नाही. सगळ्या माद्याच. मग जात कशी ठरवायची? आणि नमुने जपायचे कसे? दोन तर वाळून सुरकुतले.

---

भिंगवेडा

ट्रायकोग्रामा वाळवायचाच नाही. अंग इतकं मऊ असतं की सुकताच कोसळतं. तो सरळ अल्कोहोलमध्ये. टेलेनोमस कडक, तो वाळवून कार्डाच्या टोकाला चिकटवला तरी चालतो, पण थोडे अल्कोहोलमध्येही ठेवा.

पुढच्या वेळी एका बाटलीत एकच अंडं ठेवा. त्यातल्या एखाद्यातून अळी निघाली तर ती शेजारची अंडी खाऊन टाकते, काळी असोत की पांढरी. बाटलीत पाण्याचा थेंबही नको, माशी त्यात चिकटून मरते. आणि निघाल्यावर लगेच मारू नका. काही तास जाऊ द्या, पंख पूर्ण उलगडू द्या.

पुंजातून अळ्या निघाल्या तर त्याही फेकू नका. केलोनससारखी गांधीलमाशी अंड्यात अंडं घालते, पण अळीला उबू देते आणि ती वाढल्यावर मग बाहेर येते. त्यामुळे उबलेली प्रत्येक अळी निरोगीच असते असं नाही.

---

पर्णकण

सगळ्या माद्याच असणं हीच एक खूण आहे. ट्रायकोग्रामाच्या काही वंशांत वोल्बाकिया नावाचा जीवाणू अंगातच असतो आणि त्याच्यामुळे माद्या नराशिवाय माद्यांनाच जन्म देतात. १९९० साली स्टाउथॅमर आणि सहकाऱ्यांनी अशा माश्यांना प्रतिजैविक खाऊ घातलं तेव्हा त्यांना पुन्हा नर होऊ लागले. तुमच्याकडे तसंच असेल असं मात्र लगेच धरू नका. मोजक्याच अंड्यांतून निघालेल्या माश्या आहेत, नर आधी निघून मेलेही असतील. बाटलीच्या तळाशी, कापसात नीट बघा. मेलेला नरही चालतो.

नर खरोखरच नसेल तर डीएनएचा रस्ता आहे. आयटीएस-२ नावाचा तुकडा ट्रायकोग्रामाच्या जाती वेगळ्या करायला वापरतात, त्याला मादीही चालते. त्यासाठी मात्र ९५ टक्क्यांचं किंवा त्याहून तीव्र अल्कोहोल घ्या आणि बाटली शीतकपाटात ठेवा. काचपट्टीसाठीचे नमुने ७० टक्क्यांत राहिले तरी हरकत नाही. एकाच अंड्यातून निघालेल्यांपैकी काही इकडे, काही तिकडे ठेवलंत तर उत्तम, दोन्ही तपासण्या जुळवून पाहता येतात.

---

साळुंकी

अवांतर: यापेक्षाही बारीक काही असतं का?

---

भिंगवेडा

असतं की. डायकोपोमॉर्फा नावाच्या मिमॅरिडचा नर ०.१३९ मिलिमीटर भरलाय, माहीत असलेल्या कीटकांत सगळ्यात छोटा. त्याला पंख नाहीत, डोळे नाहीत. फुलकिड्यांच्या अंड्यांवरचा मेगाफ्रॅग्मा ट्रायकोग्रामाच्याच कुळातला, ०.२ मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या मज्जासंस्थेत सगळ्या मिळून साधारण ७,४०० पेशी आणि त्यातल्या बहुतेकांत केंद्रकच नाही, तरी उडतो आणि अंडं शोधतो.

अति अवांतर: ट्रायकोग्रामा ब्रॅसिकी तर कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अंगावर बसून प्रवास करते. मीलन झालेल्या फुलपाखराच्या मादीच्या अंगाला एक विशिष्ट वास येतो, तो ओळखून तिच्यावर चढते आणि ती अंडी घालेल तिथे उतरते.

---

उगाचच

फुकट प्रवास आणि मुक्कामी जेवण. हुशार आहे.

---

नांगरधारी

एक शेवटचं. अंडी काळी दिसताहेत, पण दुसरी कीड डोक्यावर बसली आहे, फवारणी टाळताच येत नाही. मग?

---

पर्णकण

कवचाच्या आत कोषावस्थेत असलेल्या माशीला त्यातल्या त्यात संरक्षण असतं, उडत्या प्रौढ माशीला अजिबात नसतं. म्हणून काळी अंडी भोकं पडलेली आहेत की बंद, ते आधी पाहा. बंद असतील तर माश्या अजून आत आहेत. बरीचशी भोकं पडली असतील तर प्रौढ माश्या शेतात फिरताहेत, तेव्हा सरसकट मारणारं औषध मारलंत तर त्या सगळ्या जातील. तरीही बाहेर येताना माशी कवच कुरतडते, तेव्हा वरचं औषध तिच्या पोटात जाऊ शकतं. शक्य असेल तर निवडक औषध घ्या आणि किडीचा जोर आहे तेवढ्याच पट्ट्यात मारा. पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत ट्रायकोग्रामाची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते, हे धरून कार्डं सोडायची तारीख पुढेमागे करा.

---

रानपाखरू

कापसात एक सापडला! मेलेला आहे, पण मिशीवर लांब केस स्पष्ट दिसताहेत. लगेच ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकलाय. चिठ्ठीवर पीक, कीड, अंडं गोळा केल्याची तारीख आणि माशी निघाल्याची तारीख लिहिली आहे. आणखी काही?

---

पर्णकण

गोळा कुठे केलं ते आणि अंड्याचं रिकामं कवच. कवच फेकू नका, त्याच बाटलीत घाला. चिठ्ठी पेन्सिलने लिहिली आहे ना? शाईची असेल तर अल्कोहोलमध्ये पुसली जाईल.

---

रानपाखरू

शाईची आहे. बदलते लगेच.